बुडालेल्या आरमाराचा वाली कोण?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांलगत समुद्रतळाशी पडलेल्या चार जर्मन युद्धनौका २०१९ मध्ये 'ईबे' या संकेतस्थळावर विक्रीस निघाल्या. तीन अजस्र नौका प्रत्येकी २५,५०० पौंडांना, तर 'कार्ल्सरुह' ही क्रूझर ८,५०० पौंडांना विकली गेली. किंमत नवल वाटावी इतकी कमी होती. त्याचे कारण सरळ आहे. परवानगीवाचून नव्या मालकांना त्यांचा एक खिळाही काढता येत नाही.

पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधीनंतर स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात जर्मनीच्या ७४ नौका अडकवून ठेवण्यात आल्या होत्या. त्या ब्रिटनच्या हाती पडू नयेत म्हणून अॅडमिरल फॉन रॉयटर यांच्या आदेशावरून २१ जून १९१९ रोजी त्या बुडवण्यात आल्या. ५२ नौकांनी तळ गाठला. पुढे बहुतेक भंगारासाठी वर काढल्या गेल्या. उरलेल्यांपैकी सात नौका हे आज जगभरातील स्कुबा डायव्हरांचे आकर्षण आहे. अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट चढवून, बोचऱ्या थंडीत, चाळीसेक मीटर खोलवर हौशी मंडळी उतरतात. त्यांच्यावर बेटांवरील अनेकांचा चरितार्थ चालतो.

या सात नौकांना २००१ पासून संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. पाहण्यास मुभा, उचलण्यास मनाई, असा हा नियम. त्याच बंदरात १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या 'रॉयल ओक'चा न्याय मात्र वेगळा. आठशेहून अधिक नौसैनिकांची ती समाधी असल्याने हौशी डायव्हरांना तिथे मज्जावच आहे.

कायदा चोराचा हात धरू शकतो, गंजाचा नाही. शंभर वर्षांनंतर पोलाद झिजते आहे, कप्पे कोसळत आहेत आणि आत शिरणे अधिकाधिक धोक्याचे होत आहे. मालकी खासगी, संरक्षण सरकारी आणि देखभाल मात्र कोणाचीच नाही, असा हा त्रांगडा आहे. नौका वाचवणे कोणाच्याच आवाक्यात नसेल, तर निदान सोनार आणि छायाचित्रांद्वारे त्यांची तपशीलवार नोंद तरी वेळीच पूर्ण व्हायला हवी. पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा काही वाटा त्यासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. जे वाचवता येत नाही, त्याची साक्ष तरी जपणे हे वारशाच्या रक्षणाचे किमान कर्तव्य आहे.