विश्लेषण : धानाला मधमाशी लागत नाही, मग आरमोरीने तिची काळजी का करायची?

आरमोरी तालुक्यात शेती म्हणजे आधी धान. आणि धानाला मधमाशी लागत नाही. धानाचे फूल थोडा वेळ उघडते, बहुतेक वेळा स्वतःच्याच परागकणांनी फळते आणि मिटते. त्यामुळे 'मधमाश्या संपल्या तर अन्न संपेल' ही मोबाइलवर फिरणारी पोस्ट इथल्या शेतकऱ्याला दुसऱ्या कुणाची तरी वाटली, तर नवल नाही. पण नजर बांधीतून बांधावर आणि तिथून जंगलाकडे नेली, की हिशेब बदलतो.

मग मधमाशी लागते कशाला?

परसातली काकडी, कारली, भोपळा घ्या. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. ते कुणीतरी नेऊन पोहोचवावे लागतात आणि फूल टिकते जेमतेम एक दिवस. माशीच्या फेऱ्या कमी पडल्या, तर कोवळे फळ गळते किंवा वाकडे वाढते. तीळ आणि मोहरीच्या फुलांवर, तसेच बांधावरच्या तुरीवरही मधमाश्यांची वर्दळ असते. जंगलात चाराच्या झाडाला कीटक लागतात. फूल फळले नाही, तर चारोळी नाही. मोहाचे काम मुख्यतः वटवाघळे करतात.

२०१६ मध्ये 'आयपीबीईएस' या आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाने अहवाल दिला. जगातील सुमारे ७५ टक्के प्रमुख अन्नपिके कमी-अधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत. उत्पादनाच्या वजनात मात्र या पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्केच. कारण पोट भरणारी मुख्य धान्ये वारा किंवा स्वपरागीभवनावर पिकतात. आरमोरीच्या भाषेत सांगायचे, तर भात राहील. भातासोबतचे बरेच काही जाईल. आणि जीवनसत्त्वे त्या 'सोबतच्या'तच जास्त असतात.

इथे कोणत्या मधमाश्या आहेत?

उंच झाडांना मोठे उघडे मोहोळ बांधणारी आग्या, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, झुडपात लहान पोळे करणारी फुलोरी आणि बिनडंखाची इवलीशी पोयाची माशी. जंगलातला बराचसा मध आग्याचा. ही माशी ऋतूनुसार स्थलांतर करते आणि अनेकदा त्याच झाडांवर परत येते. म्हणून जुने मोठे झाड तुटले, की माशीचा ठरलेला मुक्कामच जातो.

धोका कुठून येतो?

पहिला, फवारणीतून. धानावर तुडतुडे आले, की कीटकनाशक मारावे लागते. पण वाऱ्याबरोबर ते बांधावरच्या फुलांवरही जाते. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथॉक्झाम ही आपल्याकडची परिचित नावे. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

दुसरा, आगीतून. मोह वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. आग पसरली, तर एकट्या राहणाऱ्या माश्यांनाही धोका पोहोचू शकतो.

तिसरा, मध काढण्याच्या पद्धतीतून. पेटता टेंभा लावून पूर्ण पोळे कापले, की मधासोबत अंडी-अळ्यांचा भागही जातो. मध एकदा मिळतो, वसाहत मोडते.

उपाय आहे का?

आहे, आणि तो याच जिल्ह्यात झाला आहे. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या, फांदीलगतच्या भागात असतो आणि अळ्या खाली. अंगावर संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापला, तर माश्या उरलेल्या पोळ्यावर टिकतात आणि पुन्हा मध भरतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही पद्धत शिकवली. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावानेही माश्या न मारता मध काढण्याची अहिंसक वाट धरली.

शेतात करण्यासारखे दोन बदल साधे आहेत. तुडतुड्यांची संख्या पाहूनच फवारणी करायची आणि ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करायची. मोहाखाली आग लावण्याऐवजी झाडून घेता येते किंवा जाळी अंथरता येते.

जबाबदारी कुणाची?

वाघांची देशव्यापी गणना दर चार वर्षांनी होते. आग्या मोहोळांची तशी गणना होत नाही, म्हणून घट झाली तरी ती कागदावर दिसत नाही. पण वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, त्यात मध, मेण आणि आरमोरीची ओळख असलेला टसर अर्थात कोसाही आहे. म्हणजे सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेचा मधावर हक्क आहे आणि त्याचे व्यवस्थापनही तिच्याच हाती आहे. मोहोळांची झाडे किती, यंदा त्यांपैकी किती भरली, एवढी नोंद एका वहीत दरवर्षी झाली, तरी सुरुवात होईल. त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना बाहेरचा तज्ज्ञ. मोहोळांची झाडे कुठे आहेत, हे गावातल्या मध काढणाऱ्यांना आधीच ठाऊक असते.

कोसा पिकवणाऱ्या आरमोरीला 'किडा म्हणजे नुकसान' हे समीकरण कधीच पूर्ण पटलेले नाही. तोच शहाणपणा आता मधमाशीच्या वाट्याला यायला हवा.