आपली पाळी येईपर्यंत

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेतील ‘प्रायमरी’ शिकवली, त्या दिवशी मला तिथल्या मतदाराचा हेवा वाटला. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाच्या साध्या मतदारांनी मत देऊन ठरवायचे, ही कल्पनाच मला नवी होती. सुटीत घरी गेलो तेव्हा अण्णांना सांगितले. अण्णा चौथी शिकलेले. पण आजवर एकही मतदान त्यांनी चुकवलेले नाही. ते म्हणाले, “म्हंजे तिकीट वाटायचं काम लोकांकडं? मग पुढाऱ्यांनी करायचं काय?” तिकीट वरून यायचे आणि आपण खाली बटण दाबायचे, एवढीच लोकशाही त्यांनी पाहिलेली.

पुढे वाचनालयात बसून वाचू लागलो, तसतसा माझा हेवा ओसरत गेला. या प्रायमऱ्या एका दिवशी होत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात आणि राज्याराज्यांतून जूनपर्यंत चालतात. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन लहान राज्ये पूर्वापार आरंभी. तिथे ज्याची डाळ शिजली नाही त्याच्याकडचा पैसा आटतो आणि तो घरी बसतो. मागाहून मत देणाऱ्या राज्यांना उरलेल्यांतूनच निवड करावी लागते. आपल्याकडे शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात जिलेबी पडत नाही, तशातलीच गत.

कॅलिफोर्निया हे तिथले सर्वांत जास्त लोकसंख्येचे राज्य. २०१६ साली त्याची पाळी ७ जूनला होती. आदल्याच रात्री वृत्तसंस्थेने जाहीर केले की हिलरी क्लिंटन यांना पुरेसा पाठिंबा मिळालेला आहे! दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहणाऱ्याला काय वाटले असेल?

बरे, उशीर झाला तर असे. घाई केली तर? २०२० साली १ मार्चला पीट बुटिजेज आणि २ मार्चला एमी क्लोबुशार यांनी माघार घेतली. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान होते. पण कित्येकांनी टपालाने मतपत्रिका आधीच पाठवून दिल्या होत्या. त्यांची मते मोजली गेली, परंतु ती गेली शर्यत सोडून बसलेल्या माणसांना. मग मतदाराने मन कधी ठरवायचे? आवडत्याला मत द्यायचे, की निवडून येईलसा वाटतो त्याला? शेजारी काय करील याचा अंदाज बांधत जो तो मत देतो, आणि शेजारीही तेच करीत असतो.

त्यात २०२४ ची गोष्ट तर विलक्षणच. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनी राज्याराज्यांतून बायडेन यांना निवडले आणि २१ जुलैला तेच बाजूला झाले. उमेदवारी मिळाली ती कमला हॅरिस यांना. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या प्रायमरीत त्या उमेदवार नव्हत्याच.

आमच्या वर्गात एकाने विचारले, “एवढा घोळ आहे तर पुढाऱ्यांनीच ठरवावे, काय बिघडले?” मला हे पटत नाही. पुढाऱ्यांनी ठरवून झालेले आहे. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनात आत हा निर्णय होत होता आणि बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते. त्यानंतरच नियम बदलले आणि प्रायमऱ्यांना खरे वजन आले. ते वजन मतदाराने मार खाऊन मिळवलेले आहे. घोळ होतो म्हणून परत करण्याजोगे नव्हे.

शिवाय तिथल्या चिडीला निदान आकडा असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्यात, गाझातील युद्धाच्या निषेधार्थ, एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी ‘कोणालाच बांधील नाही’ या रकान्यावर खूण केली. उमेदवार पक्का होण्याच्या आत हे करता आले. आपल्याला २०१३ पासून ‘नोटा’चे बटण मिळाले आहे खरे, पण ते उमेदवार ठरून गेल्यावर! याच मिशिगनात २०१८ साली आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत हरले. तिकीट नाकारले ते मतदारांनी, कुणा श्रेष्ठींनी नव्हे. हरण्याची ही तऱ्हा मला आवडली.

राज्यांचा क्रम मात्र दर खेपेस फिरता असावा, असे माझे मत. सगळ्यांचे मतदान एकाच दिवशी घेतले तर जाहिरातींवर पैसा ओतणाऱ्याचेच फावेल.

अण्णांना त्या टपालवाल्या मतदाराची हकीकत सांगितली तेव्हा ते पोटभर हसले. मग एकदम थांबून म्हणाले, “पर त्यो गडी म्होरं मोठ्या मतदानाला गेला का?”

मी म्हणालो, “२०२० च्या नोव्हेंबरात साडेपंधरा कोटींहून जास्त मतं पडली, अण्णा.”

“मग गेला असंल की,” म्हणत ते म्हशीची धार काढायला उठले.