जहाजाचं इंधन बदललं, पण बर्नर कुठला आहे?

१ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात स्क्रबर नसलेल्या जहाजांना ०.१० टक्क्यापेक्षा जास्त सल्फरचं इंधन चालत नाही. त्यामुळे बरीच जहाजं तिथे जाड फर्नेस ऑइल सोडून पातळ गॅस ऑइलवर येतात. बातमी इथे संपते, पण मर्चंट नेव्हीतल्या माझ्या मित्राचं बॉयलरवरचं काम इथेच सुरू होतं.

मला हे अ‍ॅप अपडेट करण्याइतकं सोपं वाटलं होतं. तो म्हणाला, “आधी अ‍ॅटमायझर ओळख.” अ‍ॅटमायझर म्हणजे तेलाचा बारीक फवारा करणारा भाग. मुख्य प्रकार तीन:

प्रेशर जेट: फक्त तेलाची लाइन, टोकाला बारीक भोक. सगळं काम पंपाच्या दाबाचं. तेल निम्मं करायचं तर दाब पाव करावा लागतो, आणि फवारा बिघडतो.

स्टीम: तेल आणि वाफ, दोन लाइन. आग कमी-जास्त करणं सोपं. पण वाफेच्या उष्णतेने गॅस ऑइल आतच उकळू शकतं, म्हणून तेव्हा बऱ्याचदा हवा वापरतात.

रोटरी कप: मोटरवर गरगर फिरणारा कप. जाड तेलही चालतं, दाब कमी लागतो.

चूक कुठे महागात पडते? जाड तेलाचा हीटर चालूच राहिला तर पातळ तेलाची वाफ होते, ज्योत विझते. न जळलेलं तेल भट्टीत साचतं. हवा मारून भट्टी साफ न करता पुन्हा पेटवलं, तर स्फोट.

नियम सगळ्यांना एकाच तारखेला लागू होतो. सेटिंग मात्र प्रत्येक बर्नरची वेगळी.