निवड कोणाची?

मुलाला पाचवीत नवोदयच्या परीक्षेला बसवावे, की त्याआधीच एखाद्या खाजगी इंग्रजी शाळेत घालून मोकळे व्हावे? जळगाव-धुळ्याकडच्या नोकरदार व बऱ्या स्थितीतील शेतकरी घरांत शिक्षणाची चर्चा आज या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही याहून वेगळे चित्र नाही. आमचा आक्षेप या दोन्हींपैकी कोणत्या एका पर्यायाला नाही. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा विचारातही घ्यायची नाही, हे गृहीत धरूनच हा प्रश्न विचारला जातो, आणि पुढे त्या गृहीतकालाच 'पालकांचे निवडस्वातंत्र्य' असे भारदस्त नाव दिले जाते. आक्षेप त्याला आहे.

आधी नवोदय पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेली ही योजना उदात्त होती, यात शंका नाही. निवासी आणि मोफत शिक्षण, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश जागा मुलींसाठी. या शाळांनी अनेक गरीब घरांचे भाग्य पालटले आहे. पण एका नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो तो जास्तीत जास्त ८० मुलांना. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती आणि तालुके १५ आहेत. म्हणजे येथे पालक शाळा निवडत नाहीत, शाळा मुले निवडते. तीही आयुष्यात एकदाच, कारण ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या परीक्षेचे स्वरूप मुद्दाम पाहावे. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी ५० गुण आकृत्यांवर आधारलेल्या मानसिक क्षमतेला, २५ अंकगणिताला आणि २५ भाषेला. भाषेच्या या २५ गुणांसाठी उतारा वाचून पर्याय निवडायचा असतो. मुलाने स्वतःचे एक वाक्यही लिहायचे नसते. दहा वर्षांच्या मुलाचे 'गुणवत्तावान' आणि 'उर्वरित' असे वर्गीकरण करताना त्याला काय सांगायचे आहे, हे कोणी विचारीत नाही. साक्रीच्या एखाद्या गावात घरी अहिराणी बोलणारा आंडोर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारी मुलगी या परीक्षेला बसते, तेव्हा उताऱ्यातली प्रमाण मराठी हीच त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. प्रवेश मिळाल्यावर सातवी-आठवीनंतर विज्ञान व गणित इंग्रजीत, सामाजिक शास्त्रे हिंदीत. घरची बोली पायरीच्या बाहेर राहते आणि मराठी एका विषयापुरती उरते.

आता दुसरा पर्याय. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने विनाअनुदान नव्या शाळांचा मार्ग मोकळा केला. तेथे निवड करते ती फी. या शाळांचे दार गरिबांसाठी थोडे किलकिले ठेवणारी शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांची तरतूदही शासनाला जड झाली. एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या बंधनातून सूट, अशी अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तर्क मात्र लक्षात ठेवावा: गरिबाच्या मुलासाठी जवळची सरकारी शाळा पुरेशी, श्रीमंताच्या मुलाला सगळ्या शाळा खुल्या! आणि ती 'पुरेशी' शाळा तरी शासन स्वतः सांभाळणार आहे काय? सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने सरकारी शाळा देणगीदारांना 'दत्तक' देण्याची, इतकेच नव्हे तर शाळेच्या नावाला देणगीदाराचे नाव जोडण्याची सोय करून ठेवली आहे. दत्तक जाते ते पोरके मूल. शाळेला पोरके कोणी केले, हा प्रश्न त्या निर्णयात नाही.

अमेरिकेचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. तेथील मॅग्नेट शाळा १९७० च्या दशकात वाढल्या त्या कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुले स्वेच्छेने एका वर्गात यावीत म्हणून. सरकारी पैशावर खाजगी व्यवस्थापनाने चालणाऱ्या चार्टर शाळांचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला, आणि त्यांच्यावरही निदान सार्वजनिक उत्तरदायित्वाची अट आहे. आपण वेचून घेणे उचलले, बाजार उचलला. मुलांना एकत्र आणण्याचा हेतू तेवढा बंदरावरच सोडून दिला.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तुम्हाला वर्गात विद्यार्थी हवेत म्हणून हा कळवळा. तसे समजायलाही आमची हरकत नाही. पण मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांनी ही भाषा पुढे कोणत्या वर्गात शिकली जाणार हे सांगावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. त्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. ती मुले कोणत्या चाळणीतून गाळून आलेली नव्हती. आलेल्या मुलाला घडवणे हे शिक्षकाचे काम, घडलेले मूल निवडून घेणे नव्हे, इतकी साधी समजूत त्यामागे होती.

जिल्हा परिषदेच्या शाळांविषयीच्या तक्रारी खोट्या नाहीत. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, वर जनगणना आणि निवडणुकीची कामे. पण या तक्रारी करणारा, अर्ज लिहू शकणारा, अधिकाऱ्याला जाब विचारू शकणारा वर्गच त्या शाळेतून उठून गेला आहे. मागे राहिले ते ज्यांचा आवाज पंचायत समितीच्या पायऱ्याही चढत नाही ते. एकेका पालकाला आम्ही दोष देत नाही; आपल्या मुलाचे भले पाहणे हा त्याचा धर्मच आहे. परंतु गावातली शाळा नीट चालवणे ही शासनाची जबाबदारी असताना, ती टाळण्यासाठी पालकांपुढे दोन दारे उघडून दाखवायची आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. प्रत्येक वर्गाला शिक्षक, त्या शिक्षकाला केवळ शिकवण्याचे काम आणि पहिल्या दोन वर्षांत मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात जागा, एवढे आधी द्या. त्यानंतरही पालक दुसरीकडे गेले, तर त्याला आम्ही निवड म्हणू.