कोऱ्या रोलची भरपाई

टपालानें फोटोचे रोल धुवावयास पाठविणाऱ्यांनीं तक्रार केली कीं, "डिजिटलच्या या काळांत हें काम कोणी करतो हेंच नशीब समजा," असें ऐकविणारा एक शहाण्यांचा वर्ग निघाला आहे. या बोलण्यांत समंजसपणा दिसतो, पण त्यानें ज्याचे पैसे गेले त्यालाच उपकृत ठरविलें जातें.

हा धंदा अमेरिकेंत फार जुना. ईस्टमनच्या १८८८ सालच्या कोडक कॅमेऱ्यांत शंभर चित्रांची फिल्म भरलेली येई. ती संपली म्हणजे कॅमेराच रॉचेस्टरला पाठवावयाचा, आणि दहा डॉलरांत चित्रें व नव्यानें भरलेला कॅमेरा घरीं यावयाचा. सर्वांना कृति एकच. ग्राहकानें कांहीं सांगावें अशी अपेक्षाच नव्हती. आज मात्र कित्येक लॅब मागणीपत्रकावर 'विशेष सूचना' असा रकाना ठेवतात आणि त्याबद्दल जादा आकार आगाऊ घेतात.

ही सूचना म्हणजे गिऱ्हाइकाची लहर नव्हे. अपुऱ्या उजेडांत ४०० ची फिल्म ८०० ची समजून वापरली, तर तिला प्रकाश निम्मा मिळतो; ती उणीव डेव्हलपरमध्यें जास्त वेळ ठेवून कांहीं अंशीं भरून काढावी लागते. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ पद्धतींत डेव्हलपरची नेहमींची वेळ सव्वातीन मिनिटें; येथें सुमारें अर्धें मिनिट अधिक. तेवढें दिलें नाहीं तर निगेटिव्ह फिकें उतरतें, आणि एकदां धुतलेला रोल मागाहून पुन्हां धुतां येत नाहीं.

लॅबवाल्यांची एक अडचण खरी आहे. रुळांच्या यंत्रांतून रोल ठराविक गतीनें सरकतात. एकासाठीं गति मंदावली तर आंतल्या सर्वांचीच वेळ वाढते. मग असे रोल सांठवून वेगळे धुवावे, नाहीं तर 'आमच्याकडे होत नाहीं' असें स्वच्छ छापावें. कॅन्ससमधील पार्सन्स येथल्या ड्वेन्स फोटोनें कोडॅक्रोम बंद करतांना ३० डिसेंबर २०१० ही अखेरची तारीख आधींच जाहीर केली होती. त्या नकाराला कोणी लबाडी म्हटलें नाहीं. उलट अमेरिकेंतील वास्तव्यांत मीं एका लॅबकडे धाडलेल्या रोलभोंवतीं रबरानें बांधलेली चिठ्ठी घडीहि न मोडतां परत आली. बिलांत जादा आकार मात्र बिनचूक होता!

याहून संतापजनक तें बारीक अक्षरांतील कलम : रोल हरवला वा बिघडला तर जबाबदारी एका कोऱ्या रोलपुरतीच. विद्यापीठानें उत्तरपत्रिका गहाळ करावी आणि विद्यार्थ्याच्या हातीं तितकेच कोरे कागद ठेवावे, तसा हा न्याय. तें कलम ज्यांना सोडवत नसेल त्यांनीं जादा आकाराचा रकाना तरी खोडावा. आणि आकार घेतलाच, तर डेव्हलपरमध्यें रोल किती वेळ व किती उष्णतामानावर ठेवला हें लिहिलेला कागद निगेटिव्हबरोबर परत धाडावा. पैसे मोजणाराला एवढें मागण्याचा हक्क आहे.