बाटली बदलली, औषध तेच!

आमच्या खेडला दरवर्षी आंब्याला मोहोर फुटला की एकच रड, "तुडतुडा औषधाला दाद देत नाही." मग दुकानदार दुसरी बाटली काढतो. जास्त 'पॉवर'ची!

आता गंमत बघा. पहिल्या बाटलीत डेल्टामेथ्रिन, दुसरीत लॅम्बडा सायहॅलोथ्रिन. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण दोन्ही औषधं किडीच्या मज्जातंतूवर एकाच जागी घाव घालतात. पहिलं पचवलेला तुडतुडा दुसरंही बहुधा पचवणार, आणि पुढची पिल्लावळ त्याचीच. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम या जोडीचंही तेच.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही हं. १९८४ पासून त्यांचीच 'इरॅक' नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे. एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या कंपन्या तिथे एकत्र बसून औषधांना गट-क्रमांक देतात. वरची पहिली दोन गट ३ मधली, नंतरची दोन गट ४ मधली. लागोपाठ एकच गट मारू नका, इतकं साधं! मग तो आकडा बाटलीवर कंपनीच्या नावाएवढा ठळक, मराठीत का नको? आमच्या घरच्या बाटल्यांवर भिंग घेऊन शोधला, नाही सापडला.

विदर्भात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस खाल्ला, तेव्हा "रेफ्युजीचं बियाणं लावलं नाही" म्हणून खापर शेतकऱ्यावरच फुटलं. उद्या आमच्यावर फुटेल. कृषी विद्यापीठ शेजारी दापोलीत आहे. तिथल्या फवारणीच्या वेळापत्रकात प्रत्येक औषधापुढे गट मोठ्या अक्षरांत छापा, आणि दुकानदाराला तोच आकडा बिलावर लिहायला लावा. यंदाच्या मोहोराआधी.