कांद्याची निर्यातबंदी आणि शेजारधर्म

परराष्ट्रनीती हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय आहे, शेतकरी-कामगारांच्या चळवळीने त्यात पडण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आढळते. चळवळीतले कार्यकर्तेही कित्येकदा नकळत ती मान्य करून बसतात. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांत गेल्या काही वर्षांत जे घडले, त्याचा ढाक्याच्या बाजाराशी असलेला संबंध तपासला तर ही समजूत किती पोकळ आहे हे ध्यानात येईल. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक आणि ढाक्यातला रोजंदारीवर जगणारा ग्राहक या दोघांनाही एकाच सरकारी अधिसूचनेने एका रात्रीत पायदळी तुडवले. आणि तेही पाच वर्षांच्या आत तीनदा.

पहिला प्रसंग २९ सप्टेंबर २०१९ चा. महाराष्ट्र आणि हरियाणाच्या विधानसभा निवडणुका तोंडावर आल्या होत्या, पावसाने पीक बुडाल्यामुळे कांद्याचे भाव चढले होते. केंद्र सरकारने निर्यात तात्काळ बंद केली. त्यानंतर आठवडाभरातच बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या. आपण स्वयंपाक्याला कांद्याविना स्वयंपाक करण्यास सांगितले आहे, असे त्या उद्योगपतींच्या सभेत हसत म्हणाल्या. आणि असा निर्णय घेण्यापूर्वी थोडी कल्पना दिली असती तर दुसरीकडून व्यवस्था करता आली असती, हेही त्यांनी सुनावले. नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला अडीचशे टक्यांच्या आसपास गेला आणि तो विमानाने आणण्याची पाळी त्या देशावर आली.

एवढे झाल्यावर तरी शहाणपण यावयास हवे होते. परंतु १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा तीच बंदी, पुन्हा पूर्वसूचनेविना. सरहद्दीवर कांद्याचे ट्रक अडकून पडले आणि बांगलादेशच्या परराष्ट्र खात्याला, पूर्वसूचना देण्याबाबत झालेल्या बोलण्याची आठवण लेखी करून द्यावी लागली. तिसरा प्रसंग सर्वांत दीर्घ. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ८ डिसेंबरला संपूर्ण बंदी. ही बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या मतदानाचे टप्पे सुरू असताना.

या बंदीच्या काळातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. उत्पादकाला माल परदेशी धाडण्याचा हक्क उरला नव्हता. पण सरकारला मात्र हवे तेथे कांदा पाठविण्याची मुभा होती. एका सरकारपुरस्कृत सहकारी निर्यातसंस्थेमार्फत सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांचे कोटे देण्यात आले. त्यातले ५० हजार टन बांगलादेशासाठी होते. पुढे गुजरातेतील दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला स्वतंत्र परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रातील उत्पादकांचा संताप अनावर झाला. कोणत्या देशाला किती द्यावयाचे, कोणत्या प्रांतातला माल जाऊ द्यावयाचा, हे ना संसदेत ठरले, ना उत्पादकांशी चर्चा करून. जो हक्क होता त्याची मेहेरबानी झाली. मेहेरबानीचे राजकारण घरात शेतकऱ्याला लाचार करते आणि सरहद्दीपलीकडे शेजाऱ्याला.

शहरातील गरिबाला कांदा परवडला पाहिजे, हे या धोरणाचे समर्थन केले जाते. ही मागणी समाजवादी चळवळ कदापि झिडकारू शकत नाही. परंतु स्वस्ताईचा सारा भार उत्पादकाने आणि शेजारी देशातील गरिबानेच का वाहावा, हा प्रश्न आहे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव मातीमोल झाले, तेव्हा राज्य सरकारच्या क्विंटलमागे ३५० रुपयांच्या अनुदानापलीकडे उत्पादकाच्या हाती काय पडले? उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने राखावा लागतो, सडतो, वजनाने घटतो. ती तूट कोणी भरून देत नाही. भाव चढला की सरकार जागे होते आणि पडला की झोपी जाते, याला ग्राहकहित म्हणणे ही फसवणूक आहे.

शेजाऱ्याने या अनुभवातून धडा घेतला नसता तरच नवल. बांगलादेशाने स्वतःचे उत्पादन वाढविण्याकडे लक्ष दिले आणि आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून १५ मार्च २०२३ पासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कांद्याच्या आयातीचे परवाने रोखून धरले. म्हणजे आपल्याकडे भाव कोसळलेले असतानाच आणखी एक दार बंद झाले. भाव पडण्याचे ते एकमेव कारण नव्हते. पण गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा उडाला की तो नुसत्या अधिसूचनेने परत येत नाही, हे त्यातून दिसले.

हे कांद्यापुरते नाही. नेपाळची राज्यघटना सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झाल्यानंतर सरहद्दीवर महिनोन्महिने नाकेबंदी झाली, भूकंपाने खचलेल्या त्या देशात इंधन आणि औषधे दुर्मीळ झाली. दिल्लीने जबाबदारी नाकारली. नेपाळी जनतेने ती मान्य केली नाही आणि मार्च २०१६ मध्ये काठमांडूने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाल्यावर हाच खेळ नव्याने मांडला गेला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशांत जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली. बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबविली. मे महिन्यात तेथील तयार कपड्यांना न्हावा-शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेवण्यात आली. या ओढाताणीत इकडच्या सूतगिरण्यांतील कामगार भरडला जातो आणि तिकडच्या शिवणकारखान्यांतील स्त्री-कामगारही. दोन्हीकडचे सत्ताधारी मात्र राष्ट्राभिमानाची भाषणे करून मोकळे होतात. १९८५ साली ढाक्यात स्थापन झालेल्या 'सार्क'ची २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर एकही शिखर परिषद भरू शकली नाही, यात म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तो भारत सरकारने स्वतःच चोखाळलेला आहे. मालदीवशी १९८१ साली झालेल्या व्यापार करारानुसार भारत त्या देशाला जीवनावश्यक वस्तूंचा कोटा ठरवून देतो. एप्रिल २०२४ मध्ये, भारतीय सैनिकांना देश सोडण्यास सांगणारे सरकार माले येथे असताना आणि आपल्याकडे कांद्यावर निर्यातबंदी असतानाही, मालदीवला वर्षासाठी ३५,७४९ टन कांदा देण्याचे मान्य झाले. सरकारांचे बिनसले, पण लेखी करार टिकला. १९९६ साली बांगलादेशाशी ३० वर्षांसाठी झालेला गंगेच्या पाणीवाटपाचा करारही दिल्ली-ढाक्यातली सरकारे बदलल्याने मोडला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाने दिल्लीतील मंत्रिस्तरीय बैठकीत तांदूळ, गहू, साखर, कांदा यांचा असाच वार्षिक कोटा मागितला होता. तो वेळीच लेखी ठरला असता, तर २०२३ ची बंदी ढाक्याला इतकी झोंबली नसती आणि नाशिकच्या कांद्यालाही एक हमखास गिऱ्हाईक उरले असते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. शेजारी देशांना जीवनावश्यक मालाचे कोटे लेखी कराराने ठरवून द्यावेत. निर्यातीवर बंधन घालावयाचे झाल्यास पुरेशी पूर्वसूचना द्यावी, सौदा झालेला माल अडवू नये आणि निर्णय संसदेपुढे मांडावा. शहरी गरिबाला स्वस्त कांदा द्यावयाचा तर तो सरकारने पडत्या भावाच्या काळात रास्त दराने खरेदी करून, सार्वजनिक खर्चाने साठवून द्यावा.

कार्यकर्त्यांनी हा विचार बाजार समित्यांच्या आवारात नेला पाहिजे. हमीभावासाठी भांडणाऱ्या शेतकऱ्याला ढाक्याचा ग्राहक परका नाही, हे त्याला पटवून देणे कठीण जाणार नाही. कारण दोघांचेही नुकसान एकाच लहरी कारभाराने केले आहे. शेजारधर्म शिखर परिषदांतल्या हस्तांदोलनांत नसतो. दिलेला शब्द भाव चढल्यावरही पाळला जातो की नाही, यावर त्याची परीक्षा होते.